‘आपलाच माणूस’ आणि अकरा वर्षांचे टायर

बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मिरजेच्या एसटी डेपोत वर्कशॉपला होते, एकतीस वर्षं. कुठलीही गाडी समोर आली की आधी टायर बघतात, रंगबिंग नंतर. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावात, सहलीसाठी भाड्यानं घेतलेल्या गाडीच्या मालकाच्या अंगणात वाकून त्यांनी टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, ह्याला बारीक तडे गेलेत. माल जुना दिसतोय." मी त्यांना हळूच गप्प केलं. "बाबा, इथं तसं नसतं. इथं सगळं नियमानं चालतं." हे वाक्य आम्हाला पुढे सत्तावीसशे वीस ऑस्ट्रेलियन डॉलरला पडलं. रुपयांत दीड लाखाच्या आसपास.

आम्ही पर्थला राहतो. बाबा तीन महिन्यांसाठी आले होते, सप्टेंबरअखेर लेकाला शाळेची सुट्टी होती, म्हणून किंबर्लीला जायचं ठरलं. किंबर्ली म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा कोपरा. लाल माती, घळी, बोआबची झाडं आणि मैलोन्‌मैल कुणी नाही. डर्बीजवळून निघून कुनुनुराच्या दिशेनं जाणारा गिब रिव्हर रोड तिथून जातो, साधारण 660 किलोमीटर. गुरं बंदरापर्यंत न्यायला काढलेला हा रस्ता आजही बहुतेक कच्चाच आहे. पावसाळ्यात बंद असतो. मे ते ऑक्टोबर उघडा, त्यातही सप्टेंबरअखेर म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला. गर्दी कमी असते म्हणून आम्ही तेव्हा गेलो. शहाणपण म्हणा नाहीतर कंजूषपणा.

पर्थहून ब्रूम रस्त्यानं 2,200 किलोमीटरच्या वर, म्हणून विमानानं जायचं आणि तिथं फोर व्हील ड्राइव्ह भाड्यानं घ्यायची असा बेत होता. कंपन्यांचे दर बघून नवऱ्याचे डोळे पांढरे झाले: छतावर तंबू असलेल्या गाडीला दिवसाला 280 डॉलर, वर इन्शुरन्स वेगळा. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपच्या एका मराठी ग्रुपवर जाहिरात आली. ब्रूममध्येच राहणारा मराठी माणूस, स्वतःची गाडी, रूफटॉप तंबू, फ्रिज, सॅटेलाइट फोन, ‘फुल इन्शुरन्स’, दिवसाला 140. खाली लिहिलेलं होतं, ‘आपल्या माणसांसाठी खास दर’.

फोनवर ते इतके गोड बोलले की विचारू नका. मिरज म्हटल्यावर अंबाबाईच्या देवळापासून सुरुवात. मला ‘ताई’, नवऱ्याला ‘साहेब’. आम्ही त्यांना दादा म्हणायला लागलो. आठ दिवसांचे 1,120 आणि डिपॉझिट 2,500, असे 3,620 डॉलर पेआयडीनं, म्हणजे आपल्या यूपीआयसारख्या सोयीनं, थेट त्यांच्या खात्यात गेले. करारबिरार काही नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, "काही कागद करायचा का?" त्यावर ते हसून म्हणाले, "साहेब, आपल्यात कागद?" आणि आम्हीच ओशाळलो. भीड भिकेची बहीण, असं आमची आजी म्हणायची.

गाडी ताब्यात घेताना आम्ही काय काय केलं नाही, ते सांगते. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला नाही. खाली वाकून पोट बघितलं नाही. सॅटेलाइट फोन पेटीत आहे एवढं पाहिलं, लावून बघितला नाही. इन्शुरन्सचा कागद मागितला नाही. विमान उशिरा उतरलं होतं, ऊन मी म्हणत होतं आणि वहिनींनी पोहे केले होते. घरी बोलावून पोहे खाऊ घालणाऱ्याच्या गाडीखाली टॉर्च घेऊन कसं झोपायचं, तुम्हीच सांगा.

पहिली रात्र विंडजानाला काढली. काय जागा आहे ती! सपाट माळावर अचानक काळ्या-करड्या चुनखडीची भिंत उभी राहते. पस्तीस कोटी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता आणि ही भिंत म्हणजे त्या समुद्रातला खडक. चालताना दगडात जुन्या सागरी जिवांचे ठसे दिसतात. घळीत उरलेल्या डोहांच्या काठावर गोड्या पाण्यातल्या मगरी ओळीनं पडलेल्या. इथल्या मूळ रहिवासी बुनुबा लोकांचा जांडामारा याच डोंगरांच्या आधारानं गोऱ्यांशी लढला आणि 1897 मध्ये जवळच्याच टनेल क्रीकपाशी मारला गेला. बाबा मात्र बोआबच्या झाडापाशी अडकले. "अरे, ही तर गोरखचिंच. विजापूरला बघितलीय मी." खरंच एकाच कुळातली झाडं. त्या झाडाखाली गाडी, आम्ही तिघं हसत उभे, असा फोटो लेकानं टायमर लावून काढला. बाबा काही नीट फोटोत यायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी जरा रेंज मिळाली तेव्हा मी तो फोटो ‘धन्यवाद दादा, मस्त चाललंय’ असं लिहून पाठवला. हा फोटो लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी बेल गॉर्जहून परतताना टायर फुटला. मागचा, डावीकडचा. फुटला म्हणजे पंक्चर नव्हे, रबराच्या चिंध्या झाल्या. तिथल्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या असतात, कॉरुगेशन म्हणतात त्यांना, आणि त्यावरून गाडी जाताना दातही वाजतात. अशा रस्त्यावर टायरची हवा कमी करायची असते. आम्ही चाळीसवरून तीसच्या खाली आणली होती, ते बरोबरच होतं. दुपारचा दीड, सावली शून्य, थर्मामीटरवर 41. जॅक मऊ मातीत रुतायला लागला, तेव्हा बाबांनी डब्यातून पोळपाट काढला आणि खाली सरकवला. गाडी उचलली गेली, पोळपाटाचे दोन तुकडे झाले. स्टेपनी लावली. तीसुद्धा नऊ किलोमीटरवर गेली.

आता सॅटेलाइट फोन काढला. चालू झाला, बॅटरी भरलेली, आकाश मोकळं, पण फोन लागेना. पडद्यावर सेवा उपलब्ध नसल्याचं येत राहिलं. पुढे कळलं की त्याचा प्लॅनच बंद होता. मोबाइलला तिथं रेंज नाही. आमच्याजवळ बावीस लिटर पाणी होतं, म्हणून जिवाला धोका असा नव्हता, पण अकरा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांचे वडील गाडीच्या सावलीत बसलेले बघून माझ्या पोटात गोळा आला. पावणेदोन तासांनी एक म्हातारं ऑस्ट्रेलियन जोडपं थांबलं. गिबवर कुणी उभं दिसलं की लोक न विचारता पुढे जात नाहीत. त्यांनी गाडीतल्या यूएचएफ रेडिओवर (वॉकीटॉकीसारखाच तो) चॅनल 40 ला निरोप दिला आणि नवऱ्याला दोन्ही चाकांसह इमिन्जीकडच्या टायरवाल्याकडे नेलं.

त्या टायरवाल्यानं एकच गोष्ट केली. टायरच्या कडेवरचे चार आकडे अंगठ्यानं पुसून दाखवले. 2313. म्हणजे 2013 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीवर 4011. हे आकडे प्रत्येक टायरवर असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर आतून वाळतं आणि उन्हात, वळ्यांवर, ओझ्याखाली असा टायर टिकत नाही. हे बाबांना माहीत होतंच. त्यांच्या काळी आकड्यांची पद्धत वेगळी होती, म्हणून त्यांनी बोटानं ओळखलं होतं, इतकंच. दोन टायर 460 ला एक, एकूण 920. नंतर गाडीही तिथं नेली, तेव्हा त्यानं खाली शिरून सांगितलं की इंजिनखालचा संरक्षक पत्रा वाकलाय आणि कधीतरी वेल्डिंग करून जोडलाय, जोडावर गंज चढलाय. नवऱ्यानं फोटो काढला.

तरी आम्ही मॅनिंग गॉर्जपर्यंत गेलो. तिथं दोरीनं ओढायच्या छोट्या होडीतून डोह ओलांडायचा आणि मग उन्हात चालत धबधब्याला जायचं. बाबा त्या पाण्यात अर्धा तास नुसते बसून राहिले. एवढंच सुख. पुढे रस्त्यात येणारी पेंटकोस्ट नदी ओलांडायचा बेत रद्द करून मागे फिरलो.

ब्रूमला दादांनी गाडी घेतली, पुन्हा चहा दिला, टायरचं ऐकून "अरेरे" म्हणाले. "बिल पाठवा, बघू." आम्ही पर्थला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मेसेज आला. गाडीच्या पोटाचे फोटो, तंबूची फाटलेली चेन आणि एका गॅरेजचं 3,400 डॉलरचं अंदाजपत्रक. सोबत वाक्य होतं, ‘आपली माणसं आहात म्हणून डिपॉझिटच्या वर काही मागत नाही.’ टायर का फुटले? तर आम्ही हवा कमी केली म्हणून!

आम्ही गंजलेल्या वेल्डिंगचा फोटो पाठवला. उत्तर आलं: हा तिसऱ्या दिवशीचा फोटो आहे, आधीच्या दोन दिवसांत तुम्ही काय केलंत कुणाला ठाऊक. दोन दिवसांत वेल्डिंग होऊन त्यावर गंज कसा चढला, या प्रश्नाला आजतागायत उत्तर नाही. पण पहिल्या दिवशीचा फोटो नसल्यानं आमची बाजू लंगडी झाली, हे मान्य करावंच लागतं. बऱ्याच वादावादीनंतर ‘माणुसकी म्हणून’ 700 परत आले.

इन्शुरन्सचं तर आणखी गमतीदार. त्यांच्या ‘फुल इन्शुरन्स’चा अर्थ गाडीच्या नोंदणीबरोबर आपोआप येणारा सक्तीचा विमा. तो अपघातात माणसांना इजा झाली तर असतो. गाडीच्या नुकसानीशी त्याचा संबंध नाही. आणि घरगुती वापराचा पूर्ण विमा काढलेला असला तरी गाडी भाड्यानं देताना तो सहसा लागू होत नाही. म्हणजे गाडी उलटली असती तर पूर्ण किंमत आमच्या डोक्यावर. हे कळलं त्या रात्री मला टायरपेक्षा जास्त घाम फुटला.

कंपनीकडून घेतली असती तर सगळं छान झालं असतं, असंही मी म्हणणार नाही. तिथल्या करारांतही नदी ओलांडताना झालेलं नुकसान, गाडीचं पोट आणि छत बहुतेक वगळलेलं असतं, काहीजण संध्याकाळनंतर गावाबाहेर गाडी चालवायला मनाई करतात, कच्चा रस्ता चालेल का हे रस्त्याच्या नावानिशी लिहून घ्यावं लागतं. पण तिथं निदान वाचायला कागद असतो, आणि पैसे क्रेडिट कार्डानं दिले तर बँकेकडे वाद घालता येतो. पेआयडीनं गेलेला पैसा परत मागायला आमच्या बँकेत दारच सापडलं नाही. धंदा करणाऱ्याचा एबीएन, म्हणजे सरकारनं दिलेला व्यवसाय क्रमांक, सरकारी संकेतस्थळावर दोन मिनिटांत फुकट तपासता येतो. आमच्या दादांकडे तो नव्हताच. गाडीच्या नोंदणीची मुदतही तशीच बघता येते. सॅटेलाइट फोन मिळाला तर त्यावरून निघण्याआधी स्वतःच्या मोबाइलला एक मिस्ड कॉल द्या. आणि पोहे खाऊन झाले की टॉर्च घेऊन खुशाल गाडीखाली झोपा.

ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार नोंदवली आहे, बघू. ग्रुपवर नाव घेऊन लिहिणार होते, पण दोघातिघांनी फोन करून "जाऊ दे, आपल्यातलाच आहे, लहान मुलं आहेत त्यांना" असं सांगितलं. मी तेव्हा गप्प बसले. मग गेल्या महिन्यात मेलबर्नच्या मैत्रिणीनं तिच्या ग्रुपवर आलेली एक जाहिरात मला पाठवली: "ही गाडी कशी आहे गं? तुम्हीच दिसताय ना यात?"

विंडजानाचा फोटो. बोआबचं झाड, गाडी, आम्ही तिघं हसत. खाली लिहिलंय, ‘गिब रिव्हर रोडवर एक समाधानी मराठी कुटुंब’. फोटोच्या अगदी कडेला बाबा अर्धेच आलेत, मागच्या डाव्या चाकाशी वाकलेले, टायरवर बोट ठेवून.