संगीताची पदवी: वर्गात शिकावी की ऑनलाइन?

गुरू आणि शिष्याने एकाच वेळी गायचं-वाजवायचं असेल, तर एकच खोली लागते. एकाने गायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं असेल, तर ऑनलाइन चालतं. कॉलेज निवडताना फीच्या आधी हे पाहावं.

कारण लयीत आहे. व्हिडिओ कॉलवर आवाज जाऊन परत यायला पाव सेकंद सहज लागतो. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या, तर एक मात्राही (तालाचा एक ठोका) पाव सेकंदाचीच. सरांनी तिकडून ठेका धरला आणि विद्यार्थी अचूक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आला, तरी सरांना तो मात्राभर मागे ऐकू येतो. ते टोकतात, मग विद्यार्थी घाई करू लागतो आणि बरोबर असलेली लय बिघडते. ब्लूटूथ हेडफोन घातला तर उशीर आणखी वाढतो, वायरचाच वापरा. उपाय एकच आहे: तानपुरा आणि ठेक्याचं ॲप विद्यार्थ्याच्या खोलीत, दुसऱ्या फोनवर लावायचं. गाणं आणि ठेका मग सरांपर्यंत एकत्रच पोहोचतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करायलाही विसरू नका, नाहीतर तानपुऱ्याला गोंगाट समजून सॉफ्टवेअर तो दाबून टाकतं.

एवढं करूनही साथसंगत शिकता येत नाही. तबल्याचं नुकसान तर जास्तच: बायाँची (डाव्या हाताच्या तबल्याची) घुमक मोबाइलच्या स्पीकरमधून उतरत नाही, मनगटाचा दाब कॅमेऱ्यात दिसत नाही. पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) उतरली की गट्टा (वादीखालचा लाकडी ठोकळा) किती ठोकायचा, गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडी कुठे मारायची, हे शेजारी बसूनच कळतं. तबला घेणाऱ्याने वर्गच निवडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गायनात वर्गाचीही एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मुलांचा षड्ज (सा) साधारण पेटीच्या काळी एक-दोनचा, मुलींचा काळी चार-पाचचा. एकाच तानपुऱ्यावर सगळ्यांना बसवलं की निम्म्यांचे गळे ताणले जातात. स्वतंत्र बॅच नसेल तर अशा वर्गापेक्षा एकेकट्याची ऑनलाइन तालीम बरी.

संगीतशास्त्राचा (थिअरीचा) पेपर खुशाल ऑनलाइन करा. दहा थाट (रागांचे मूळ स्वरसमूह), दुगुण-चौगुणाचं (दुप्पट-चौपट लयीचं) लेखन, भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही स्वरलिपी या गोष्टी थांबवून थांबवून पाहिल्या की पक्क्या होतात. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते, तर नाशिकला आश्रम स्थापणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत त्या स्वराचा पाय मोडतात. परीक्षेत हीच गल्लत सर्रास होते.

सिन्नर-निफाडहून रोज येणाऱ्यांनी शास्त्र घरून आणि प्रात्यक्षिक आठवड्यातून दोन दिवस नाशिकला, अशी सोय कॉलेज देतं का ते विचारावं. पूर्ण ऑनलाइन पदवी असेल, तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत त्या वर्षासाठी तिचं नाव आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा. प्रवेशाच्या वेळी आणखी एक नेमकी चौकशी करा: प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात तबलजीसोबत एकट्याने गायला किती तास मिळतात?