इंदूरला खायला जाताय? मग हे वाचून जा

सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाण्याचा बाजार, आता सगळ्यांना माहीत आहे, व्हिडिओ बघून बघून लहान पोरांनाही माहीत झालाय, पण वीकेंडला इंदूर करून येणारे बरेच जण तिथे भलतंच काहीतरी खाऊन येतात आणि मग "ठीक आहे हो, उगाच गाजावाजा केलाय" म्हणतात आणि ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. हे शहर खाण्यासाठी फार म्हणजे फार चांगलं आहे, फक्त तिथे प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे, ती सांभाळली की झालं. आमची आत्या लग्न होऊन इंदूरला गेली त्यामुळे लहानपणापासून जाणं-येणं आहे, आतेभाऊ पक्का इंदोरी, भिया भिया (म्हणजे भैया) करत फिरवणारा, त्यामुळे जे काही लिहितोय ते त्याच्याबरोबर पायी फिरून खाल्लेलं आहे.

सकाळपासून सुरू करू. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस रात्री पकडली की सकाळी इंदूर, आणि गाडीतून उतरून हॉटेलात सामान टाकलं की पहिलं काम पोहे. आता आपण मराठी माणसं म्हणणार पोह्यात काय बघायचं, घरी रोज होतात. पण इंदूरचे पोहे वेगळे आहेत आणि ते का वेगळे ते पोह्यांच्या गाडीसमोर दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं. खाली मोठ्या भांड्यात पाणी उकळत असतं, त्याच्यावर परात किंवा कढई ठेवलेली आणि तिच्यात पिवळ्याधमक पोह्यांचा ढीग, म्हणजे पोहे शेवटपर्यंत वाफेवरच असतात, कोरडे पडतच नाहीत, चमच्याने उचलले की मऊ पण मोकळे. फोडणीत बडीशेप, चवीला साखर जरा पुढे, तेल एकदम कमी. प्लेट हातात देताना वरून मूठभर शेव, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि जिरावन. हे जिरावन म्हणजेच इंदूर असं मी म्हणेन. जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ, लाल मिरची असं बरंच काय काय भाजून कुटलेला मसाला, आंबट-खारट-तिखट एकदम, आणि तो तिथे पोह्यांपासून काकडीपर्यंत सगळ्यावर पडतो. सोबत गरम जिलबी. एक घास पोहे एक घास जिलबी असं खायचं, आधी पोहे संपवून मग जिलबी खाल्ली तर त्यातली गंमत जाते. उसळ पोहेही मिळतात, वर झणझणीत उसळीचा रस्सा ओतलेले, कोल्हापूर-पुण्याच्या माणसाला ते जास्त जवळचे वाटतील पण पहिल्या दिवशी साधेच खा.

यानंतर लगेच कचोरी वगैरे खाऊ नका. फिरा. राजवाडा बघा, सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडी, आणि 1984 च्या दंगलीत मागचा बराचसा भाग जळाला होता तो नंतर जुन्या पद्धतीने पुन्हा बांधून काढलाय. आत मल्हारी मार्तंडाचं देवघर आहे, होळकरांचं कुलदैवत, आणि नीरेकाठच्या होळ गावचा माणूस, मल्हारराव होळकर, माळव्यात येऊन खंडोबालाही सोबत घेऊन आला हे तिथे उभं राहिल्यावर जे वाटतं ते पुस्तकात वाचून वाटत नाही. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वरला होती, इंदूर राजधानी झालं ते 1818 मध्ये मंदसौरच्या तहानंतर, तरी शहरात सगळीकडे नाव अहिल्याबाईंचंच आहे, विमानतळापासून चौकातल्या पुतळ्यापर्यंत. राजवाड्यापासून चालत कृष्णपुरा छत्री, खान नदीच्या काठावर, दगडावरचं कोरीव काम खूप सुंदर. नदीचं पाणी मात्र बघवत नाही, एवढ्या स्वच्छ शहरात तेवढंच एक खटकतं.

इतवारिया बाजारातलं काच मंदिर अर्ध्या तासात होतं. सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती, खांब, छत, फरशी सगळं काचेचं. लालबाग पॅलेसला मात्र निवांत वेळ द्या. 1886 ला सुरू होऊन 1921 ला पूर्ण झालेला, बाहेरचं लोखंडी गेट बकिंगहॅम पॅलेसच्या गेटसारखं. पण मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि तिथून महालात जेवण यायचं ते भुयारी वाटेनं! ज्या गावातल्या राजानं जेवणासाठी नदीखालून रस्ता काढला त्या गावात लोक रात्री दोन वाजेपर्यंत खातात याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

दुपारी दाल बाफले. सराफ्यातलं राजहंस त्यासाठी जुनं आणि नावाजलेलं आहे. बाटी थेट भाजतात, बाफले आधी पाण्यात उकडून मग भाजतात त्यामुळे आतून मऊ राहतात, आणि मग तुपात बुडवतात, अक्षरशः बुडवतात. डाळ, कढी, चटणी, लाडू. वाढणारा आग्रह करतो पण दोनच्या वर जाऊ नका, नाहीतर रात्रीचं सगळं नियोजन कोलमडेल. जेवण झाल्यावर हॉटेलवर जाऊन झोपायचं, इंदूरच्या ट्रिपमध्ये दुपारची झोप हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

संध्याकाळी छप्पन दुकान, म्हणजे खाण्याच्या दुकानांची एक रांग. आधी इथे गाड्यांची गर्दी असायची, आता गाड्या आत येतच नाहीत, बसायला जागा आहे, लहान मुलं घेऊन जायला सराफ्यापेक्षा हेच बरं. जॉनी हॉट डॉग सगळ्यांना माहीत असतं, नावावर जाऊ नका, तो परदेशी हॉट डॉग नाहीच, तव्यावर तुपात खरपूस भाजलेला बन आणि आत बटाट्याची टिक्की नाहीतर अंडं, साधा पदार्थ आणि एकदम मस्त. विजय चाट हाऊसची खोपरा पॅटीस मात्र चुकवू नका, बाहेर बटाट्याचं पातळ आवरण आणि आत ओल्या नारळाचं सारण, फोडली की वाफ येते आणि नारळ गोडसर लागतो, वर तिखट चटणी. माळव्यात कुठे नारळ पिकतो, तरी तिथली ही सगळ्यात लाडकी गोष्ट. बाकी छप्पनमध्ये मोमो, पिझ्झा, चायनीज हेही आहे पण ते आपल्याकडे गल्लीत मिळतं, त्यासाठी पोटातली जागा घालवू नका.

आणि आता सराफा. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री आठ-नऊनंतर दुकानांची शटर खाली येतात आणि त्याच दुकानांसमोर खाण्याची दुकानं लागतात. रात्रभर गल्लीत माणसांचा वावर असला की दुकानंही सुरक्षित राहतात म्हणून सराफांनीच हे चालू दिलं असं जुने लोक सांगतात. दहाच्या आधी जाऊ नका, आणि जेवून तर अजिबात जाऊ नका. आम्ही एकदा आत्याकडे पोळीभाजी खायला बसलो तर तिनंच ताट उचललं, "अरे सराफ्याला जायचंय ना, मग इथे कशाला पोट भरून राहिलायस?" इंदूरचं मराठी असं आहे, आणि ऐकायला फार गोड वाटतं. तिथला मराठी समाज मोठा आहे, सानंद नावाच्या तिथल्या संस्थेच्या मराठी नाटकांना घरचे सगळे ठरवून जातात.

सराफ्यात शिरल्यावर पहिल्यांदा दिसतं ते पेटवलेलं पान, धुराची कसली कसली बिस्किटं, गळ्यात किलोभर सोनं घालून कुल्फी विकणारे. लोक तिथेच मोबाईल घेऊन थांबतात आणि तिथेच पोट भरतात. माझं स्पष्ट मत आहे, हे सगळं सोडून सरळ पुढे जा. जुनं तेच खा.

जोशी दहीवडा. हा बघण्यासारखाही आहे आणि खाण्यासारखाही. दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून अलगद झेलतात, थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले घेऊन एकेक मसाला वेगळा वेगळा टाकतात, आधी मीठ सुटतं मग मिरची मग जिरं, बोटं कशी हलतात ते जवळ उभं राहून बघूनही कळत नाही. दही घट्ट, वडा हलका, ही नुसती करामत असती तर मी लिहिलंच नसतं, चव खरंच तशी आहे.

मग भुट्टे का कीस. कोवळी कणसं किसून तुपात मोहरी-हिंग-मिरचीवर परतायची, दूध घालून शिजवायची, वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. दिसायला उपमा वाटतो पण तोंडात दाणेदार आणि दुधाळ. पावसाळ्यात ताज्या कणसांचा मिळतो तो सगळ्यात चांगला. आणि थंडीत गेलात तर गराडू, गराडू, गराडू. कोनफळाच्या जातीचा कंद, तुकडे करून आधी एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळतात, बाहेर करकरीत, आत पिठूळ, वर जिरावन आणि लिंबू पिळून द्रोणात. डिसेंबरच्या थंडीत बोटं भाजत भाजत खायचा पदार्थ आहे, आणि मला विचाराल तर सराफ्यातली पहिल्या नंबरची गोष्ट हीच.

साबुदाणा खिचडीही खा, कारण आपल्या खिचडीपेक्षा ती पार वेगळी आहे, पोह्यांसारखी वाफेवर ठेवलेली, वर जिरावन आणि तळलेला बटाट्याचा चिवडा. उपासाच्या दिवशी जिरावनाचं काय ते तुमचं तुम्ही बघा. गोडात मावाबाटी, खव्याची गोळी आत सुकामेवा भरून तळून पाकात, एक दोघांत पुरते. ताटाएवढी मोठी जिलबी मिळते ती चौघांत घ्या. आणि प्यायला नागोरीची शिकंजी, पण लिंबूपाणी समजून मागू नका, ही दुधाची असते, घट्ट, केशर-वेलची-सुकामेव्याची, किंचित आंबूस, छोटा ग्लाससुद्धा जेवणासारखा भरतो. त्यामुळे ती शेवटी.

स्वच्छतेबद्दल लिहिलंच पाहिजे. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलेलं शहर आहे, पण नंबरापेक्षा मला रात्री साडेबारा वाजता सराफ्यात जे दिसलं ते जास्त पटलं, एवढी तोबा गर्दी आणि माणसं रिकामा द्रोण हातात धरून डबा शोधत होती. एका पर्यटकानं कागद खाली टाकला तर शेजारच्या कॉलेजच्या पोरानं काही न बोलता उचलून डब्यात टाकला. हे आपल्या शहरांत व्हावं असं फार मनापासून वाटतं.

तक्रारी दोन. शनिवारी रात्री सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते, धक्के खात खायला लागतं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर गुरुवार-शुक्रवार बघा. दुसरं म्हणजे तिथल्या एका हॉटेलवाल्याने आम्हाला राजवाड्याजवळ म्हणून खोली दिली आणि ती भलतीकडे लांब निघाली, रोज रिक्षाचे पैसे गेले, तेव्हा बुक करताना नकाशावर स्वतः बघून घ्या. राजवाडा परिसरात राहिलात तर सराफा चालत पाच मिनिटं, रात्री एक वाजता भरल्या पोटी रिक्षा शोधावी लागत नाही.

एक दिवस जास्त असेल तर मांडू किंवा महेश्वर, दोन्ही साधारण शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, एका दिवसात एकच करा. महेश्वरचा घाट आणि हातमागाच्या साड्या बायकांना सोडवत नाहीत, आईला तर ओढून आणावं लागलं होतं. रंगपंचमीला गेलात तर राजवाड्यासमोरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला मिळेल, टँकरनं रंग उडवतात, पण त्या दिवशी बाकी काही बघायचा नाद सोडा.

येताना जिरावनाची पाकिटं आणि लवंग शेव घ्या, शेव स्टेशनवर न घेता राजवाड्याच्या आसपास जिथे समोर तळतात तिथून घ्या, आणि जिरावन आठवडाभरात संपतं म्हणून जास्तच घ्या.