दोन पोर्टेबल डिस्क, एक बिनआवाजाचा सर्व्हर आणि पाच व्होल्टचा प्रश्न: इंदूरमधला वापरानंतरचा अनुभव

घरातल्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क सगळ्यांना वायफायवरून उघडता याव्यात, एवढ्यासाठीच घेतलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एकाच बोर्डावरच्या संगणकाने आता आमच्याकडे पावसाळा, हिवाळा आणि मे महिना असे तिन्ही ऋतू काढले आहेत. त्याचा प्रोसेसर, रॅम आणि पोर्ट यांची माहिती वाचकांना असेलच, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला लिहायचे आहे ते डिस्कना मिळणाऱ्या विजेविषयी. शांत आणि कमी खर्चाचा घरगुती सर्व्हर निवडताना, बोर्ड कोणते घ्यावे यापेक्षा डिस्कला पाच व्होल्ट कोण पुरवणार आणि तो पुरवठा ऐन वेळी टिकणार का, हा प्रश्न कितीतरी मोठा आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

त्याआधी काटकसरीचा हिशेब सांगतो, कारण सुरुवात त्यानेच झाली. घरात एक जुना डेस्कटॉप पडून होता आणि पहिल्यांदा हे काम त्यालाच दिले होते. प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर तो काहीही न करता ६० वॅटच्या आसपास घेत असे, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवल्यास महिन्याला ४३ युनिट. मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना या आकड्याची किंमत लगेच कळेल. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात, आणि ती मर्यादा ओलांडली की त्या बिलातली सवलतच जाते. उन्हाळ्यात कूलरमुळे आम्ही ती मर्यादा तशीही ओलांडतो, परंतु थंडीच्या दिवसांत आमचा वापर १२० युनिटांच्या आत असतो. तेव्हा डेस्कटॉपची ४३ युनिटे धरली की आम्ही सवलतीबाहेर पडत होतो. सध्याची मांडणी, म्हणजे बोर्ड, हब (एका यूएसबी पोर्टाचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) आणि दोन डिस्क, सरासरी ८ वॅट घेते, म्हणजे महिन्याला सहा युनिटांपेक्षाही कमी. माझ्या दृष्टीने निर्णयाला एवढे एकच कारण पुरेसे होते. डेस्कटॉपचा पंखा आईच्या खोलीत रात्रभर ऐकू येत असे, हे दुसरे.

राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणे हा फुकटचा उपाय मी आधी करून पाहिला होता. आमच्या राउटरला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटण्याच्या पद्धतीची, पहिली, जुनी आवृत्तीच येते आणि विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ती मुळात चालू नसते. सुरक्षेच्या कारणाने बंद केलेली गोष्ट घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर पुन्हा चालू करणे मला पटले नाही. नेटवर्कवर फायली वाटणाऱ्या, दोन डिस्कच्या तयार पेटीचाही विचार केला, परंतु तिच्यासाठी आत बसवायच्या नव्या डिस्क घ्याव्या लागतात, आणि हाताशी दोन चांगल्या पोर्टेबल डिस्क असताना तो खर्च अनाठायी होता.

बोर्ड आले, फायली वाटण्यासाठीचे ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर बसवले, डिस्क लावल्या आणि पहिले काही आठवडे सर्व सुरळीत चालले. रात्रभर शेकडो जीबींची नक्कल केली तरी काहीच बिघडले नाही. मग सकाळी सकाळी शेअर केलेले फोल्डर रिकामे दिसू लागले. आईने जुन्या ध्वनिमुद्रणांचे फोल्डर उघडले की ते रिकामे, बोर्ड पुन्हा सुरू केले की सर्व जागच्या जागी. डिस्क खराब झाली असावी या शंकेने तिची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) तपासली, तर खराब सेक्टर एकही नव्हता. अखंड कामात टिकणारी डिस्क विश्रांतीनंतर का गायब होते, या प्रश्नाने मला अक्षरशः झपाटले.

उत्तर बोर्डाच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) सापडले. तिथे कमी व्होल्टेजचा इशारा होता आणि तो नेमका डिस्क जागी होण्याच्या क्षणाचा होता. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. अडीच इंची डिस्क फिरत असताना थोडक्यात भागवते, परंतु थांबलेली चकती पुन्हा फिरवताना तिला काही क्षण एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. वीज वाचवण्यासाठी मीच दोन्ही डिस्क वीस मिनिटांनी थांबतील अशी व्यवस्था केली होती. सकाळी फोनवरचे फोटोंचे अ‍ॅप दोन्ही फोल्डर एकदम उघडत असे, दोन्ही चकत्या एकाच क्षणी उठू पाहत आणि त्यांची मागणी १.२ अँपिअरच्या पलीकडे जात असे. रात्रभरच्या नकलेत चकती थांबतच नव्हती, म्हणून तेव्हा दोष दिसत नव्हता. वेगाच्या चाचण्या वाचून सर्व्हर निवडणाऱ्यांना हा दोष कधीच दिसणार नाही, कारण चाचणी नेहमी फिरत्या डिस्कवर होते.

यावर सर्वत्र एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. मीही तो ऑनलाइन मागवला. अडॅप्टरवर ५ व्होल्ट ४ अँपिअर असे छापलेले होते. काही आठवडे बरे गेले आणि उन्हाळा सुरू होताच डिस्क पुन्हा गायब होऊ लागल्या. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा दोन्ही डिस्क जाग्या होताना हबच्या पोर्टावर व्होल्टेज ४.५ च्याही खाली घसरत होते. विक्रेत्याला कळवले तर उत्तर आले की वॉरंटी हबची आहे, अडॅप्टरची नाही. अडॅप्टरशिवाय ज्या वस्तूचा उपयोगच नाही, तिच्या वॉरंटीतून अडॅप्टर वगळणे मला अन्यायाचे वाटते आणि मी ते तसेच त्यांना लिहिले. मल्टिमीटरची छायाचित्रे पाठवली, पुन्हा तेच उत्तर आले. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर पैसे परत मिळाले. रक्कम लहान होती, परंतु अशी रक्कम सोडून देण्याच्या सवयीवरच असे विक्रेते टिकून राहतात.

दुसरा हब मी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून, हातात घेऊन आणि खालचे लेबल वाचून घेतला. या वेळी पाहिलेली गोष्ट एकच होती: अडॅप्टर १२ व्होल्टचा हवा. पाच व्होल्टचा अडॅप्टर असला की लांब, बारीक वायरीत अर्धा व्होल्ट सांडला तरी डिस्क उपाशी राहते. १२ व्होल्टच्या हबमध्ये पाच व्होल्ट आतच, पोर्टांच्या जवळ तयार होतात आणि वायरीतल्या घसरणीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. याशिवाय, तितक्याच वॅटसाठी १२ व्होल्टवर प्रवाह निम्म्याहून कमी लागतो. दुकानातच आणखी एक तपासणी करून घेतली. काही हब बोर्डाच्या केबलमधून उलटा प्रवाह बोर्डाकडे ढकलतात, म्हणजे बोर्डाचा प्लग काढला तरी त्यावरचा दिवा मंद जळत राहतो. तसा हब घेऊ नये. हा हब आणल्यापासून कमी व्होल्टेजचा इशारा पुन्हा आलेला नाही, आणि दोन्ही डिस्क एकदम जाग्या केल्या तरी पोर्टावर ४.९ व्होल्ट टिकतात.

ज्याची मला सर्वांत कमी अपेक्षा होती तो आनंद मात्र यानंतर मिळाला. ही मांडणी खरोखरच निःशब्द आहे. बोर्ड अ‍ॅल्युमिनियमच्या बिनपंख्याच्या डबीत आहे आणि डिस्क जाड नमद्याच्या तुकड्यावर ठेवल्या आहेत. त्या लाकडी कपाटात ठेवल्या होत्या तेव्हा कपाटच घुमत असे. आता रात्री शेजारी झोपले तरी चकती फिरते आहे की थांबली आहे हे कळत नाही. मे महिन्यातल्या उष्णतेची काळजी होती, कारण ८० अंशांना बोर्ड स्वतःचा वेग कमी करते, परंतु फायली वाटण्याच्या कामात ते त्या आकड्याजवळही गेले नाही. काळजी डिस्कची करावी. अनेक पोर्टेबल डिस्कना ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरण्याची अट असते आणि इंदूरच्या दुपारी वरच्या मजल्यावरची खोली ती मर्यादा सहज ओलांडते. मी त्या एकमेकींवर न रचता वेगवेगळ्या, आणि तळमजल्यावर ठेवल्या.

सॉफ्टवेअरविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. डिस्क लिनक्सच्या एक्स्ट४ या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर विंडोजच्या एनटीएफएसपेक्षा प्रोसेसरवरचा भार स्पष्टपणे कमी झाला. फोटोंची आपोआप होणारी नक्कल मात्र जपून मांडावी: डिस्क जोडलेली नसतानाही तिच्या जागचे फोल्डर प्रोग्रामला दिसतेच, सर्व फोटो बोर्ड ज्यावरून चालते त्या मेमरी कार्डावर उतरतात आणि कार्ड भरून बोर्ड बंद पडते. डिस्क खरोखर जोडली आहे का हे तपासूनच नक्कल सुरू होईल, अशी अट मी घातली आहे.

आता माझे बदललेले मत. गेल्या दिवाळीपर्यंत मी विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच बोर्ड सुचवत होतो. नंतर सुदामा नगरमधल्या आत्येभावासाठी मांडणी करताना आम्ही एक वापरलेला थिन क्लायंट (कार्यालयांत वापरतात तसा छोटा संगणक), डेल वाइज ५०७०, घेतला आणि त्याने माझे मत फिरवले. तोही बिनपंख्याचा आहे, त्यालाही गिगाबिट नेटवर्क आहे, आणि त्याच्या पोर्टांनी दोन्ही डिस्क हबशिवाय जाग्या केल्या. बोर्ड, डबी, कार्ड, अडॅप्टर आणि चांगला हब यांची बेरीज केली, तर वापरलेला थिन क्लायंट त्याहून स्वस्त पडला. मेमरी कार्डाऐवजी त्यात एसएसडी बसते, हाही मोठा दिलासा आहे. माझे बोर्ड नीट चालते आहे, म्हणून मी ते बदलणार नाही, परंतु नव्याने घेणाऱ्याने आधी थिन क्लायंट शोधावा.

तो घ्यायला जाताना स्वतःच्या दोन्ही डिस्क बरोबर न्याव्यात. दुकानदाराला त्या जोडू द्याव्यात, पूर्ण थांबू द्याव्यात आणि मग दोन्हींवरची फाइल एकाच वेळी उघडावी. एखादी डिस्क टिकटिक करून गप्प बसली, तर त्या यंत्राची किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नये.