बारीक स्क्रूड्रायव्हरचा २४ बिट्सचा संच: आईच्या लॅपटॉपची बिजागरी बसवल्यानंतर

आईच्या ११ वर्षं जुन्या लॅपटॉपची डावी बिजागरी निखळली. झाकण उघडलं की स्क्रीनची कड फाकायची. हा संच त्यासाठीच घेतला. तीन महिन्यांत दोन लॅपटॉप उघडून झालेत, म्हणून आता खात्रीने सांगते, घ्या.

पैसे वसूल होतात ते टोकांत, म्हणजे बदलता येणाऱ्या बिट्समध्ये. आधीच्या स्वस्त स्क्रूड्रायव्हरने तळाचे दोन स्क्रू घासून ठेवले होते. जोर दिला की टोक खाचेतून घसरायचं. या संचातलं पीएच-०० (अधिकच्या खुणेसारख्या खाचेच्या, म्हणजे फिलिप्स स्क्रूंसाठीचं बारीक टोक) एकदा बसलं की हलत नाही. पीएच-० आणि पीएच-०० नुसत्या डोळ्यांना सारखेच वाटतात आणि खाच जाते ती याच गल्लतीत. आधी मोठं टोक (पीएच-०) लावून बघायचं, ते आत बसलं नाही तरच लहान घ्यायचं. टोकांना चुंबक आहे, त्यामुळे सुटलेला स्क्रू बोर्डावर न पडता टोकालाच चिकटून वर येतो.

मुठीची टोपी वेगळी फिरते. तिच्यावर तर्जनी दाबून दोन बोटांनी स्क्रू काढता येतो, मनगट दुखत नाही.

आत पाहिलं तर बिजागरी धडधाकट होती. तिचं ग्रीस सुकून ती घट्ट झाली होती आणि दरवेळी झाकण उघडताना सगळा ताण प्लास्टिकवर येत होता. ज्या पितळी बुशमध्ये स्क्रू जातो ते बुशच प्लास्टिकच्या खांबातून उपटून आलं होतं. आधी बॅटरीची पिन काढली. तुटलेली जागा सॅंडपेपरने खरखरीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि बुश दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने बसवलं. इपॉक्सी आट्यांत शिरू नये म्हणून मेण लावलेला स्क्रू त्यात फिरवून ठेवला. पूर्ण २४ तास हात लावला नाही. मग बिजागरीचा नट पाव फेरा सैल केला. हे विसरलं तर नवा जोडही उखडणारच.

स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवला. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो वरचं प्लास्टिक फोडतो, कधी बोर्डही. कुठल्या मॉडेलमध्ये काय कुठे दडलंय हे आयफिक्सिट या दुरुस्तीच्या वेबसाइटवर फोटोंसकट फुकट बघायला मिळतं.

उणिवाही आहेत. झाकण उचकटायची प्लास्टिकची पट्टी पहिल्याच दिवशी वाकली, मी गिटारचं पिक वापरलं. बिट्सवरचे आकडे फार बारीक कोरलेत, भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. मॅकबुकवाल्यांनी तर घेण्याआधी थांबा, त्याच्या तळाला पाच पाकळ्यांचे स्क्रू असतात आणि त्यांना लागणारं पी-५ टोक यात नाही.