सोप्या वाटांसाठी बुटके, जाळीचे बूट: वॉटरप्रूफ नाहीत, म्हणूनच बरे

आधी निकाल सांगून टाकते. झाडीतून आणि नदीकाठाने जाणाऱ्या, फारसा चढउतार नसलेल्या वाटांवर चालायचं असेल तर घोट्याच्या खाली संपणारे, वरून जाळीचे आणि आत वॉटरप्रूफ अस्तर नसलेले ट्रेल शूज घ्या. मी तेच वापरते. कंपनीचं नाव देत नाही, कारण या घडणीचे बूट बऱ्याच कंपन्या काढतात आणि माझं कौतुक काय, तक्रार काय, दोन्ही घडणीबद्दल आहे.

मी ट्रेकर नाही. कडे, सुळके, दोर यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. मला आवडते ती ओढ्यावरचा साकव ओलांडून, शेताच्या कडेने झाडीत शिरणारी आणि पुन्हा पाण्याशी येणारी वाट. मध्ये खंड्या दिसला की थांबायचं, तो उडेपर्यंत हलायचं नाही. अशा वाटेवर दम लागत नाही, पण पाय मात्र हमखास भिजतात. गवतावरचं दव, काठाची दलदल, मधेच आडवा आलेला पाण्याचा ओघळ. म्हणून बूट निवडताना खरा प्रश्न पाण्याचा असतो, आणि दुकानात त्याचं एकच उत्तर तयार असतं: वॉटरप्रूफ घ्या.

माझ्या नणंदेकडे तसेच आहेत. घोट्याच्या वर जाणारे, आत मेंब्रेन म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा असलेले, भक्कम. आम्ही बरोबरच चालतो, त्यामुळे तुलना आपोआप होते.

मेंब्रेनची युक्ती खरंच हुशारीची आहे. 1969 मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्याला ज्याचा थर देतात तेच द्रव्य, झटका देऊन ताणलं आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. पण वाफ बाहेर पडायला आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक लागतो. बुटाचं बाहेरचं कापड भिजून चिंब झालं, वर हवाही दमट असली, की तो फरक जवळजवळ मिटतो आणि घाम आतच राहतो. शिवाय बुटाला वर एक भलंमोठं भोक असतं, ज्यातून आपण पाय घालतो. गुडघाभर ओल्या गवतातून चाललं की पँट भिजते, पँटवरून पाणी मोज्यात उतरतं आणि मोजा ते शांतपणे तळापर्यंत पोचवतो. मग आत गेलेलं पाणी बाहेर जाऊ न देण्याचं काम तोच पडदा मोठ्या इमानाने करतो. थांब्यावर नणंद बूट काढून उलटा धरते तेव्हा मी काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते.

जाळीचे बूट पहिल्याच ओल्या पट्ट्यात भिजतात, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते निथळतात. दर पावलाला दाब पडतो, पाणी जाळीतून बाहेर ढकललं जातं, आणि वाट कोरडी लागली की थोड्या वेळात पाय फक्त दमट उरतात. यात निम्मं श्रेय मोज्यांचं आहे. सुती मोजे घालून या बुटांना नावं ठेवू नका. सूत पाणी धरून बसतं, कातडी मऊ पडते आणि मग फोड येतात. पातळ लोकरीचे मोजे भिजले तरी ऊब धरतात.

थंडी गोठणबिंदूच्या आसपास असेल किंवा बर्फातून चालायचं असेल, तर हे सगळं उलटं होतं. तिथे नणंदेचे बूट बरोबर आणि माझे चूक.

दुसरा मुद्दा वजनाचा. हाही 1969 चाच, योगायोगाने. सोल आणि गोल्डमन या दोन संशोधकांनी माणसांच्या डोक्यावर, हातात आणि पायात वजनं देऊन त्यांना चालायला लावलं आणि लागणारी ऊर्जा मोजली. पायातलं वजन अंगावरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चालीनुसार साधारण चार ते सहा पट महाग पडलं. पाठीवरची पाण्याची बाटली कमी करायचा विचार करण्याआधी बुटांकडे बघा, एवढाच त्याचा माझ्यापुरता अर्थ. भिजलेला जाड बूट तर आणखीच जड होतो.

आता सोल. डोंगरी बुटांचं खोल खाचांचं रबरी सोल आल्प्समधल्या एका दुर्घटनेतून आलं. 1935 मध्ये विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती दगावले, पायातले बूट त्या हवामानाला पुरे पडले नाहीत, आणि 1937 मध्ये त्याने नव्या सोलचं पेटंट घेतलं. तिथे त्या खाचा जीव वाचवतात. माझ्या वाटेवर घसरायला होतं ते ओल्या मुळांवर, साकवाच्या फळ्यांवर आणि शेवाळलेल्या दगडांवर. तिथे खाचा किती खोल आहेत याला फारसा अर्थ नाही. रबर किती मऊ आहे आणि त्याचा किती भाग टेकतो, यावर सगळं ठरतं. माझ्या बुटांच्या खाचा चारेक मिलिमीटरच्या आहेत आणि रबरात नख थोडं रुततं. दुकानात हीच परीक्षा करा, विक्रेता बघत असला तरी. चिखलासाठी मात्र खाचांमधलं अंतर बघा. दाट खाचांत चिखल अडकून बसतो आणि सोल गुळगुळीत होतं. विरळ असतील तर चालता चालता गळून पडतो. माझ्या बुटांचा पुढचा भाग यात बरा आहे, टाचेकडचा नाही. आणि मऊ रबर डांबरी रस्त्यावर लवकर झिजतं, तेव्हा वाटेच्या सुरुवातीपर्यंत दुसरं काही घालून जावं.

शेवाळलेल्या ओल्या फळीवर मात्र कुठलंच सोल भरवशाचं नाही. लहान पावलं, कठड्याला हात.

उशी, कमान वगैरेबद्दल जाहिरातीत पानभर असतं, मी दोन वाक्यांत उरकते. मधला थर ईव्हीए फोमचा आहे, मऊ आहे, आणि तो दिसायला धड असतानाच आतून दबत जातो; धावण्याच्या बुटांसाठी 500 ते 800 किलोमीटरचा जो ठोकताळा सांगतात तो इथेही धरायला हरकत नाही. जुन्या जड बुटांत बऱ्याचदा पॉलियुरेथेन असतं, ते न वापरता कपाटात ठेवलं तरी हवेतल्या ओलाव्याने वर्षांनंतर भुगा होतं, म्हणून ठेवणीतले बूट थेट वाटेवर नेऊ नका.

उणिवा आहेतच. बुटका काठ असल्याने खडे, कुसळं, काटक्या आत येतात. बुटाचा काठ आणि घोटा झाकणारे कापडी अर्धे गेटर घातले तर हे बरंच थांबतं, पण बुटाला पुढे त्यांचा हूक अडकवायची सोय नाही, लेसमध्येच अडकवावा लागतो. घोटा उघडा राहतो, आणि उंच गवतात गोचीड असतात. पँट मोज्यात खोचा, कसेही दिसलात तरी, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत नीट बघा. जाळीतून काटेही घुसतात. काटेरी झुडपांची वाट असेल तर हे बूट नकोत. घोटा वारंवार मुरगळणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, माझ्याशी नको.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतात. चालताना जे मोजे घालणार तेच घालून बघा, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटू द्या. माझा चवडा रुंद आहे, म्हणून मी रुंद साचा घेतला. टाच हलत होती, ती लेस सगळ्यात वरच्या भोकातून आडवी नेऊन दोन्हीकडे फास केल्यावर हलायची थांबली.

वाळवताना आतला इनसोल काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्र कोंबा आणि तासाभराने बदला. शेगडी-हीटरजवळ नको, डिंक सुटतो. बुटांबरोबर आलेल्या गोल लेस भिजल्या की सुटतात. मी चपट्या लावल्या.