डिसॅबिलिटीचा वकील: पंचवीस टक्क्यांत काय मिळतं, काय नाही

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या डिसॅबिलिटी क्लेमसाठी वकील करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘घेतो किती?’ उत्तर जवळजवळ सगळीकडे सारखंच, कारण मर्यादा कायद्याने घातलेली आहे: क्लेम मंजूर झाला तर मागच्या थकबाकीचे (मंजुरीपर्यंत साचलेल्या लाभाचे) २५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, दोन्हींत कमी असेल ते. हरलात तर फी शून्य. ही कमाल रक्कम २००९ पासून ६,००० डॉलर होती, नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी ७,२०० झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ पासून ९,२००. तेव्हा दर विचारत चार ऑफिसं फिरू नका. फरक असतो तो करारातल्या बारीक अक्षरांत.

हिशोब करून बघा. महिना १,६०० डॉलर मंजूर झाले आणि १८ महिन्यांची थकबाकी निघाली, तर २८,८०० मधले ७,२०० वकिलाचे. महिना २,००० आणि अडीच वर्षं रखडलं, तर ६०,००० चा चौथा हिस्सा १५,००० होतो, पण त्याला मिळतात ९,२००च. अपंगत्व सुरू झाल्यानंतरचे पहिले पाच पूर्ण महिने एसएसडीआयमध्ये (नोकरीतल्या सोशल सिक्युरिटी करावर मिळणारा डिसॅबिलिटी लाभ) देय नसतात, त्यामुळे ते यात धरायचे नाहीत. तुमच्या नोंदीवर मुलांना लाभ मिळत असेल तर त्यांची थकबाकी मात्र धरली जाते, आणि इथे बरेच जण चकतात. पुढच्या दरमहाच्या पैशांना वकिलाचा हात लागत नाही.

या व्यवस्थेची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे वसुली. थकबाकीतून फी कापून सोशल सिक्युरिटी ती थेट वकिलाला देते. त्या कामासाठी त्याच्या फीतून ६.३ टक्के कापले जातात (त्यालाही वरची मर्यादा आहे), आणि तो भार तुमच्यावर टाकायला त्याला बंदी आहे. कुणी तो बिलात लावला तर सरळ नकार द्या.

खटकतं ते पुढे. ‘जिंकलो तरच फी’ या वाक्यात खर्च धरलेला नसतो. हॉस्पिटलचे रेकॉर्ड मागवणं, झेरॉक्स, डॉक्टरचा लेखी अभिप्राय हे सगळं वेगळं, आणि करारात तसं लिहिलं असेल तर हरल्यावरही द्यावं लागतं. सही करण्याआधी एक ओळ लिहून घ्या: अमुक रकमेवरचा खर्च विचारल्याशिवाय नाही.

दुसरी मेख दोन टप्प्यांच्या करारात. काही करारांत कमाल मर्यादा पहिल्या सुनावणीच्या निकालापर्यंतच असते. त्यापुढे अपील्स कौन्सिलकडे (सोशल सिक्युरिटीचीच वरची अपील पायरी) गेलं की वकील तासांचा हिशोब जोडून फी पिटिशन, म्हणजे फी मंजुरीचा अर्ज, टाकू शकतो, आणि तिथे ९,२०० ची मर्यादा लागत नाही, सोशल सिक्युरिटीला वाजवी वाटेल ती रक्कम मंजूर होते. मधेच वकील बदलला आणि आधीच्याने हक्क सोडला नाही, तरीही प्रकरण पिटिशनवरच जातं. मग निकाल लागेपर्यंत २५ टक्के अडकून पडतात. म्हणून जुन्या वकिलाकडून फी सोडल्याचं लेखी घ्या, मगच नवा करा. फी करारही अनुकूल निकालाआधी दाखल झालेला हवा. वकील नेमण्याचा फॉर्म, एसएसए-१६९६, वेगळा. तो भरला म्हणजे करार झाला असं नाही.

फेडरल कोर्टाची फी पूर्ण निराळी. तिथल्या कामासाठी पुन्हा २५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या कलबर्टसन निकालाने सोशल सिक्युरिटीकडची आणि कोर्टातली अशा दोन्ही फींच्या बेरजेवर २५ टक्क्यांची अट नाही हे स्पष्ट केलं. कोर्टातल्या याच कामासाठी सरकारकडूनही फी मिळाली, तर ती आणि तुमच्या थकबाकीतली कोर्टाची फी यांतली लहान रक्कम वकिलाने तुम्हाला परत करायची असते. ती आठवणीने मागा.

आयटीतल्या आपल्या मंडळींसाठी एक जास्तीची गोष्ट: कंपनीची लाँग टर्म डिसॅबिलिटी पॉलिसी असेल, तर थकबाकी हातात आल्यावर विमा कंपनी बहुधा ‘जादा दिलेले’ परत मागते. वकिलाची फी वजा करून उरलेल्यावरच तिचा हक्क बसतो का, हे पॉलिसीत आधी वाचा.

पैशांच्या दृष्टीने ही सेवा सुनावणीच्या टप्प्यावर वसूल होते. पहिल्या अर्जावर थकबाकी थोडी, त्यामुळे फीही थोडी, आणि काही ऑफिसं तिथे फॉर्म भरण्यापलीकडे फारसं करत नाहीत. फायलीवर कोण काम करणार, वकील की मदतनीस, हे पहिल्याच फोनवर विचारा. आणि फीची नोटीस आली की तारीख बघा: करारानुसारच्या फीवर हरकत घ्यायला १५ दिवस असतात.