कुठल्या पाण्याचा मासा? ब्रिस्टल बेच्या सॉकाय साल्मनचा डबा

सिएटलला नोकरी करणारा भाचा दिवाळीला पैठणला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी सॉकाय साल्मनचे २१३ ग्रॅमचे दोन डबे आणले. एक आम्ही घरी उघडला आणि दुसरा मी शेजारच्या अण्णांकडे नेला. अण्णांची सगळी हयात नाथसागरात जाळे टाकण्यात गेली आहे. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि माशाचे नाव न विचारता एवढेच विचारले, "कुठल्या पाण्याचा आहे?"

आधी चवीविषयी लिहितो. डब्यात मासा आणि मीठ याखेरीज काहीही नाही. कच्चे तुकडे भरून, डबा हवाबंद करून मग तो शिजवतात, त्यामुळे पाठीचा काटासुद्धा बोटांत चुरडतो आणि मुलांना बिनधास्त देता येतो. मांस गडद तांबडे आहे, आणि हा रंग समुद्रात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खाऊन येतो. शेततळ्यासारख्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या साल्मनला तो खाद्यातून द्यावा लागतो. आपल्याकडे रावसाला साल्मन म्हणण्याची सवय आहे, पण रावस हा निराळाच मासा आहे. येसर घालून केलेला रस्सा साफ फसला, कारण मसाल्यापुढे माशाची चव उरली नाही. शेंगदाण्याच्या तेलात कांदा आणि हिरवी मिरची परतून, वरून मासा कुस्करून घातला आणि लिंबू पिळले, तेव्हा मात्र तो ज्वारीच्या भाकरीबरोबर फार चांगला लागला. वेगळे मीठ अजिबात घालू नये. तक्रार म्हणाल तर कातडी तशीच ठेवलेली असते आणि किंमत जड आहे: भाच्याने एका डब्याला सात डॉलर मोजले, आणि तेवढ्या पैशांत पैठणच्या बाजारात दोन-तीन किलो राहू सहज येतो.

ही किंमत का द्यावी, याचे उत्तर अण्णांच्या प्रश्नात आहे. हा मासा अलास्काच्या नैर्ऋत्येकडील ब्रिस्टल बे या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा आहे. जगातल्या सॉकाय साल्मनपैकी साधारण निम्मा तिथून येतो. २०२२ साली या नद्यांकडे सुमारे ७ कोटी ९० लाख मासे परतले आणि त्यांतले ६ कोटींच्या आसपास पकडले गेले. नाथसागरात आपण मत्स्यबीज सोडतो, तेव्हा कुठे पुढच्या हंगामाला कटला-राहू मिळतात. तिथे बीज कोणी सोडत नाही. मादी शेपटीने नदीतळाचे खडे उकरून अंडी घालते, पिल्ले वर्ष-दोन वर्षे तळ्यात वाढतात, समुद्रात जातात आणि वासाच्या आधाराने जन्माच्या ओढ्यात परत येऊन, अंडी घालून मरतात. नदीकाठच्या मनोऱ्यांवर उभे राहून माणसे वर जाणारे मासे मोजतात, आणि पुरेसे वर गेल्याची खात्री होईल त्याप्रमाणे मासेमारी खुली केली जाते. हे ऐकताना अण्णांनी मला दोनदा थांबवून पुन्हा सांगायला लावले.

याच नद्यांपैकी नुशागाक आणि क्विचाक यांच्या उगमाशी, इलियाम्ना सरोवराजवळ, पेबल नावाचा तांबे, सोने आणि मॉलिब्डेनमचा प्रचंड साठा आहे. खाणीची बाजू मला झटकून टाकावीशी वाटत नाही. तिथल्या दूरच्या खेड्यांत रोजगार थोडा आणि जिनसा महाग आहेत, आणि तांब्यावाचून आपलेही पान हलत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा ऊस वाळत असताना मला तांब्याच्या तारेखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. पण त्याच वेळी मी पाहिले, की मिस्त्रींनी जळकी तार सोडवून काट्यावर ठेवली, तिच्या वजनाचे पैसे बिलातून वजा केले आणि ती वितळवायला जाणाऱ्या पोत्यात टाकली. तांबे असे पुन्हा हाती येते आणि ते दुसऱ्या देशातल्या डोंगरातही सापडते. एका ओढ्याचा वास ओळखणारी माशांची पिढी मात्र एकदा तुटली की दुसरीकडून आणून तिथे बसवता येत नाही.

शिवाय हे खनिज गंधकयुक्त आहे. ते फोडून उघड्यावर पडले की हवा-पाण्याने आम्ल तयार होते आणि त्यात तांबे विरघळते, आणि पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबे वाढले तरी साल्मनची वास घेण्याची शक्ती मंदावते. खाण वीस वर्षे चालवण्याची योजना मांडली गेली होती; धातू काढून उरलेला तिचा गाळ धरून ठेवणारे बांध मात्र कायम सांभाळावे लागले असते. बांध फुटतात. ४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅनडातल्या माउंट पॉली खाणीचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर गाळ-पाणी खालच्या तळ्यांत उतरले.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने या खाणीचा परवाना नाकारला, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखाली तिथल्या पाण्यात या खाणीची उकरलेली माती आणि भराव टाकण्यास मनाई केली. अलास्का राज्य त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तो दावा ऐकण्यास नकार दिला. माझ्या मते मनाई योग्य आहे. गोदावरीच्या पात्रातून वाळू गेली, तिथे आता पुरुषभर खोल खड्डे आहेत, आणि अण्णा अशा एका जागेकडे बोट दाखवून सांगतात की इथे पूर्वी वाम मिळायची. वाळूची घरे उभी राहिली, ती मला दिसतात; माझेही घर त्याच वाळूचे आहे. म्हणून ब्रिस्टल बेचा हिशेब करताना घर आणि वाम दोन्ही डोळ्यांसमोर ठेवूनच मी हे म्हणतो.

अण्णांनी त्यांचा डबा भाकरीबरोबर खाल्ला, काट्यासकट, आणि तळाचे पाणीही भाकरीने टिपून घेतले. रोजच्या जेवणासाठी हा मासा परवडणारा नाही, पण वर्षातून एक-दोनदा घ्यावा असा जरूर आहे. भाच्याला पुढच्या खेपेला चार डबे आणायला सांगितले आहे, आणि नुसते 'अलास्का' नव्हे तर 'ब्रिस्टल बे' लिहिलेले पाहून घे, असेही सांगितले आहे. त्यातले दोन अण्णांचे.